अर्धी राहिलेली वही पुढे कोणी लिहायची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

गटाच्या बैठकीला जमलेल्या ताई, माई, आक्का, आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या जणींना माझा नमस्कार. मी वरळीच्या बीडीडी चाळीतून आले आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी तुमच्याशी कर्जफेड, बँक जोडणी आणि हिशेबाच्या वह्या यांवर बोलते. आजही वहीवरच बोलणार आहे, पण ही वही वेगळी आहे.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या पाटण तालुक्यातल्या. लग्न होऊन १९६८ साली या चाळीत आल्या. शाळा चौथीपर्यंत. साठी उलटल्यावर त्यांनी नातवाच्या जुन्या वहीत लिहायला सुरुवात केली. गाव कसं होतं, मुंबईला पहिल्यांदा कशा आल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत किती माणसं झोपायची, खानावळीत किती जण जेवायचे. रोज दुपारी गॅलरीत बसून पान-दीड पान. २०२४ साली त्या गेल्या. वही उघडली तर शेवटचं वाक्य अर्धं होतं. गिरणीच्या संपाची हकीकत चालली होती आणि वाक्य असं थांबलं होतं : ‘त्या दिवशी थोरले भावजी सकाळी’. पुढे कोरं पान.

ही वही आता माझ्याकडे आहे. घरातले म्हणतात, तू बी.ए. झालीस, तू पुरी कर. काही जण म्हणतात, हात लावू नकोस, त्यांचं होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. मी बरेच दिवस विचार करत होते. मग मनात आलं, अशी वेळ याआधी कुणावर आलीच असेल की. गेलेल्या माणसाची अर्धी गोष्ट मागच्यांनी कशी पुढे नेली, ते शोधू. त्या शोधात जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच नाशिक-नगर भागातलं आहे, आणि ते एका बाईचं आहे. लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचं, माहेरचं नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचं जबरदस्त वेड लागलं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा ते धुऊन घ्यायला लावत. मीठ धुतलं की काय उरणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा घरात ही मुलगी वाढली. अकरा वर्षांची असताना तिचं लग्न नारायण वामन टिळक नावाच्या तरुणाशी झालं. फुलामुलांचे कवी म्हणून पुढे महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते हेच टिळक.

मुलीला अक्षरओळख जेमतेम. नवरा कवी, हुशार, मनाने मोठा आणि तितकाच लहरी. हातात पैसा टिकायचा नाही, राग क्षणात यायचा आणि क्षणात जायचा. कधी सांगून, कधी न सांगता घर सोडून निघून जायचे. बायकोने वाचावं-लिहावं अशी मात्र त्यांची फार इच्छा. लक्ष्मीबाईंचं लिहिणं-वाचणं सुरू झालं ते लग्नानंतर, संसाराच्या धबडग्यात.

मग आलं मोठं वादळ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईवर हे काय संकट असेल, याची कल्पना करा. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेल्यात जमा. मूल लहान. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांच्या आधाराने. पुढे नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी सुरुवातीला त्यांचं सोवळं, स्वयंपाक, पाणी वेगळं. हळूहळू त्यांनी स्वतःच विचार करून ते सगळं सोडलं. माणसामाणसांत शिवाशीव माणसांनीच घातली, हे त्यांना पटलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कुणाला त्यांचा निर्णय पटेल, कुणाला नाही. पण नवऱ्याने केलं म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी केलं नाही. पाच वर्षं घेतली, हे लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीला ते उपयोगी आहे.

नगरला त्यांचं घर म्हणजे धर्मशाळा. दुष्काळ आणि प्लेगच्या काळात पोरकी झालेली मुलं त्यांनी सांभाळली. बालकवी ठोंबरे हा तरुण कवी त्यांच्याच घरी मुलासारखा राहिला. १९१८ साली भादली स्टेशनवर रेल्वेखाली सापडून तो गेला, तेव्हा त्या घरावर पुत्रशोकासारखं दुःख कोसळलं. आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात.

टिळक एक मोठं काम अर्धं ठेवून गेले. येशू ख्रिस्ताचं चरित्र आपल्या पोथ्यांसारखं अध्यायांत, मराठी कवितेत लिहायचं त्यांनी हाती घेतलं होतं. नाव ‘ख्रिस्तायन’. रामायणावरून नाव ठेवलं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दहाच्या आसपास अध्याय झाले आणि ते थांबलं.

आता विचार करा. महाराष्ट्रात मोठमोठे कवी होते, पंडित होते. हे काम पुरं करायला कुणीही मिळालं असतं. पुढे आली ती पन्नाशी ओलांडलेली विधवा, जिला शाळा माहीत नव्हती. लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतलं आणि थोडेथोडके नव्हे, चौसष्ट अध्याय लिहिले. नवऱ्याचे दहा, बायकोचे चौसष्ट. आपण म्हणतो ना, सुरुवात एकाने करावी आणि ओझं दुसऱ्याने वाहावं, तसं झालं. हे काव्य पुस्तक होऊन आलं तेव्हा दोघंही हयात नव्हते. ते १९३८ साल होतं.

पण लक्ष्मीबाईंचं खरं नाव झालं ते दुसऱ्या पुस्तकाने. ‘स्मृतिचित्रे’. मुलाच्या, देवदत्त टिळकांच्या आग्रहाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागलं, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. ज्या वयात आपल्याकडच्या बाया म्हणतात, ‘आता काय, दिवस मोजायचे’, त्या वयात. पुस्तकाची भाषा कशी? शेजारीण ओसरीवर बसून सांगते तशी. अवघड शब्द नाहीत, उपदेश नाही. वाचताना हसू येतं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी येतं. आचार्य अत्र्यांसारख्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. आज मराठीतल्या सर्वांत चांगल्या आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताना मी ते पहिल्यांदा वाचलं, तेव्हा वाटलं, ही बाई आमच्या गॅलरीतच बसली आहे.

या पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट सांगते. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला देव केलं नाही. लोक टिळकांना संत मानत होते. बायकोने त्यांचा राग, विसराळूपणा, पैशाची उधळ, घर सोडून जाणं, सगळं लिहिलं. आणि तरी पुस्तक मिटताना टिळक आपल्याला लहान वाटत नाहीत. जवळचे वाटतात. आपल्याकडे माणूस गेला की फोटोला हार घालतात आणि सगळे दोष धुऊन टाकतात. मीठ धुण्यासारखंच ते. लक्ष्मीबाईंनी मीठ धुतलं नाही. माणूस होता तसा ठेवला.

आता गंमत पाहा. ज्या बाईने नवऱ्याचं अर्धं काम पुरं केलं, तिचं स्वतःचं पुस्तकही अर्धंच राहिलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या पश्चात आला आणि त्याचा शेवट मुलाने, देवदत्त टिळकांनी केला. पुढे नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी, आजीच्या पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती नीट टिपा देऊन तयार केली. म्हणजे आजोबांची पोथी आजीने पुढे नेली, आजीचं पुस्तक मुलाने, आणि मुलानंतर नातवाने. एका घरातल्या तीन पिढ्यांची ही गोष्ट.

२४ फेब्रुवारी ही तारीख तुम्हाला ओळखीची वाटली का? आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ साली याच तारखेला स्थापन झालं. योगायोगच हा. पण दर वर्षी माविमचा वर्धापन दिन साजरा करताना एक पणती लक्ष्मीबाईंच्या नावाने लावायला हरकत नाही.

‘स्मृतिचित्रे’चं इंग्रजी भाषांतर १९५० साली निघालं. त्याला जे इंग्रजी नाव दिलं त्याचा अर्थ होतो, ‘मी मागोमाग येते’. अलीकडे, २०१७ साली, शांता गोखले यांनी नव्याने भाषांतर केलं. त्या पहिल्या नावावर मी खूप विचार केला. मागोमाग येणं म्हणजे पावलावर पाऊल ठेवणं असं आपण समजतो. लक्ष्मीबाई मागोमाग आल्या खऱ्या, पण स्वतःच्या चालीने आल्या. आधी पाच वर्षं थांबल्या, मग निघाल्या. आणि लिहायला बसल्या तेव्हा टिळकांसारखं लिहायला गेल्या नाहीत. स्वतःसारखं लिहिलं.

अशीच एक गोष्ट बंगालची. विभूतिभूषण बंदोपाध्याय हे तिथले फार मोठे कादंबरीकार. त्यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. गरीब खेडवळ कुटुंब, अपू नावाचा मुलगा, त्याची बहीण दुर्गा, त्यांची आई. सत्यजित राय यांनी १९५५ साली त्यावर काढलेला सिनेमा जगभर गाजला. दुसऱ्या कादंबरीत, ‘अपराजितो’त, अपू मोठा होतो, त्याला काजल नावाचा मुलगा होतो. शेवटी अपू त्या मुलाला आपल्या जुन्या गावी ठेवून दूर निघून जातो. पुढे काजलचं काय झालं? विभूतिभूषणांच्या मनात ती गोष्ट लिहायची होती. पण १ नोव्हेंबर १९५० रोजी ते गेले. तेव्हा त्यांचा मुलगा तारादास फक्त तीन वर्षांचा होता.

हाच मुलगा मोठा झाला आणि त्याने ‘काजल’ नावाची कादंबरी लिहिली. ज्या वडिलांचा चेहराही त्याला धड आठवत नसेल, त्यांची घराण्याची गोष्ट त्याने पुढे नेली. बापाविना वाढलेल्या मुलाने बापाविना वाढणाऱ्या काजलची गोष्ट लिहिली. कादंबरीतला काजल आणि लिहिणारा तारादास, दोघांचं दुःख एकच. मला वाटतं, वारसाहक्क म्हणतात तो हाच. सात-बारावर नाव लागणं वेगळं आणि दुःखावर नाव लागणं वेगळं.

परदेशातही असं चालतं. अमेरिकेत मार्गारेट मिचेल या बाईंनी १९३६ साली एक प्रचंड गाजलेली कादंबरी लिहिली. त्यांना पुढचा भाग लिहायचा नव्हता. १९४९ साली त्या अपघातात गेल्या. पुढे वारसांनी दुसऱ्या लेखिकेला परवानगी दिली आणि १९९१ साली पुढचा भाग बाजारात आला. खप अफाट झाला, पण जाणकारांनी नाकं मुरडली. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ जेन हॉवर्ड यांनी एका कुटुंबाची गोष्ट पाच कादंबऱ्यांत लिहिली. पाचवी आली तेव्हा त्या नव्वद वर्षांच्या होत्या. २०१४ साली त्या गेल्या. आता त्यांच्या पहिल्या नवऱ्याच्या घरातली पुतणी, लुइसा यंग, ती कुटुंबकथा पुढे लिहायला बसली आहे. वाचणाऱ्या बायांच्या मनात तोच प्रश्न, जो आमच्या गॅलरीत आहे : हिला जमेल का? आणि हिने लिहावं का?

कायद्याचंही एक वाक्य सांगते. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणून दुसऱ्याच्या पुस्तकाची गोष्ट पुढे लिहून छापायची तर आधी विचारावं लागतं. घरातल्या वहीलाही हे लागू आहे. आजीची वही एका नातवाने उचलून परस्पर छापायची नाही. सगळ्या वारसांना विचारायचं.

आता परत मुंबईकडे येते, कारण एक उदाहरण आमच्या चाळीपासून फार लांब नाही. वडाळा. नाशिकजवळच्या ओझरचे दामोदर जाधव गावातलं येसकराचं काम आणि अपमान मागे टाकून मुंबईला पळून आले. पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार होते. बाबासाहेबांच्या चळवळीतले. शिक्षण जवळजवळ नाहीच. निवृत्त झाल्यावर हा कष्टाळू माणूस घरात स्वस्थ बसेना, तेव्हा मुलाने, डॉ. नरेंद्र जाधवांनी, त्यांना आपलं आयुष्य लिहून काढायला सांगितलं. म्हाताऱ्याने मोडक्यातोडक्या अक्षरात वह्या भरल्या. ते गेल्यावर मुलाने त्या पुढे नेल्या. १९९३ साली ग्रंथालीने ‘आमचा बाप आन् आम्ही’ प्रसिद्ध केलं. नाव पाहा : आमचा बाप, आन् आम्ही. बापाची गोष्ट बापाच्या बोलीत आणि मुलांची मुलांच्या. इंग्रजीत पुस्तक गेलं तेव्हा आई सोनूचा आवाज मोठा झाला, आणि शेवटी नातीनेही आपली पानं जोडली. पुस्तक अनेक भाषांत गेलं. एका कामगाराच्या वहीतून हे सगळं उभं राहिलं.

मैत्रिणींनो, ही सगळी उदाहरणं वाचून झाल्यावर मी पुन्हा आत्याबाईंच्या वहीसमोर बसले. त्याआधी आमच्या चाळीबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे माझी घाई का ते कळेल.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारच्या या खात्याने शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे एकूण २०७ इमारती बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या, मधून लांब बोळ, नळ आणि संडास सामाईक. कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना डांबायला यातल्या काही इमारतींचा तुरुंग केला होता. पुढे गिरणी कामगार, पोलीस, पालिकेचे कामगार इथे राहिले. कोकण, सातारा, नाशिक, नगर, सगळीकडची माणसं. १९७४ च्या जानेवारीत इथे दंगल झाली, दलित पँथरच्या सभेपासून पेटलेली. तिची आठवण अजून लोकांच्या बोलण्यात येते. आता या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची इमारत अजून उभी आहे. आमचीही पाळी येईल. नवं घर हवंच आहे, संडास घरात हवाच आहे, त्यात दुमत नाही. पण गॅलरीतल्या म्हाताऱ्या एकदा वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या की संपाच्या वेळची हकीकत विचारायला मी कुठे जाऊ? शिवाय त्यांतल्या दोघी गेल्या वर्षभरात गेल्याच.

तर तो संप. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आत्याबाई तेव्हा खानावळ चालवायच्या. गिरणगावात अशा हजारो खानावळवाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी. आत्याबाईंकडे नऊ जण जेवायचे. संप लागला, पगार थांबले, जेवणाऱ्यांनी पैसे देणं बंद केलं. आत्याबाईंनी वहीत लिहिलंय, जेवण बंद केलं नाही, फक्त डाळ पातळ केली. मंगळसूत्र गहाण पडलं. आणि मग ते वाक्य : ‘त्या दिवशी थोरले भावजी सकाळी’.

त्या दिवशी थोरले मामंजी सकाळी काय करत होते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ते संप मोडून कामावर गेले. पहाटे, तोंडावर उपरणं घेऊन. चाळीत कळलं तेव्हा त्यांच्याशी बोलणं टाकलं गेलं. सख्ख्या भावाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीही. दोघं भाऊ एका बोळात राहून पुढची दोन वर्षं बोलले नाहीत. माझे चुलत दीर म्हणतात, ‘वहिनी, हे लिहू नका. आमच्या बापाला मेल्यावर फितूर ठरवू नका.’ त्यांचंही चूक नाही. बाप त्यांचा आहे.

मी काय केलं ते सांगते. मी तळमजल्यावरच्या एका काकूंना विचारलं. वय ऐंशीच्या पुढे. त्या म्हणाल्या, ‘अगं, त्याचं धाकटं पोर तेव्हा हॉस्पिटलात होतं. औषधाला पैसा नव्हता. तुझ्या सासूलाच तेवढं ठाऊक होतं. तीच तर त्याला पहाटे भाकरी बांधून द्यायची, नवऱ्याच्या नकळत.’

मी गप्प बसले. आत्याबाईंनी ते वाक्य तिथे का थांबवलं असेल? तब्येतीमुळे थांबलं, की हात थांबला? भावजी फितूर म्हणावेत तर भाकरी बांधणारी कोण? मला ते कधीच कळणार नाही. ही गोष्ट ऐकली तेव्हा मला पहिला मोह झाला तो असा : त्यांचं वाक्य त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच बोलीत पुरं करून टाकावं. कुणाला पत्ताही लागणार नाही. माझे चुलत दीरही खूश होतील.

तेव्हा मला आपली गटाची वही आठवली. तुम्ही सगळ्या जणी इतिवृत्त लिहिता, प्रोसिडिंग म्हणतो आपण. गटाची सचिव बदलते. नवी सचिव काय करते? जुन्या सचिवाने लिहिलेल्या बैठका खोडून पुन्हा लिहिते का? तिच्या सहीसारखी सही करते का? नाही. केलं तर आपणच तिला धरू. ती नव्या पानावर तारीख घालते, हजर सभासदांची नावं लिहिते, मागचं इतिवृत्त वाचून दाखवते, चूक असेल तर ‘दुरुस्ती’ म्हणून वेगळी नोंद करते, आणि खाली स्वतःची सही करते. हिशेबाच्या वहीला जो नियम, तोच आयुष्याच्या वहीला. टिळकांचे अध्याय टिळकांचे राहिले, लक्ष्मीबाईंचे लक्ष्मीबाईंचे. ‘आमचा बाप’ वेगळा आणि ‘आम्ही’ वेगळे. म्हणूनच आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून मी ते अर्धं वाक्य अर्धंच ठेवलं. खाली रेघ ओढली. पान उलटलं, तारीख घातली आणि लिहिलं : ‘यापुढचं त्यांच्या सुनेने लिहिलं आहे.’ मग काकूंनी सांगितलेलं लिहिलं, काकूंनी सांगितलं असं म्हणून. मग चुलत दिरांना घरी बोलावलं आणि वाचून दाखवलं. भाकरीचं आलं तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, हॉस्पिटलात असलेलं ते पोर मीच. त्यांना लहानपणचं आजारपण माहीत होतं, पण त्याचा आणि बापाच्या कामावर जाण्याचा संबंध त्यांना कुणी सांगितला नव्हता. लिहू नका असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. लिहा असंही म्हणाले नाहीत. मी त्यांच्यासाठी दोन पानं कोरी सोडली आहेत. त्यांना वाटेल तेव्हा त्यांनी त्यांच्या सहीने लिहावं. आज हे रेडिओवर सांगायला मात्र त्यांनी आपण होऊन होकार दिला, नाव न घेण्याच्या अटीवर.

आता तुमच्यासाठी. पुढच्या बैठकीत, वसुली आणि कर्जाचं काम आटपल्यावर, अर्धा तास काढा. प्रत्येकीने विचारून यावं की आपल्या घरात सर्वांत म्हातारी बाई कोण आणि तिच्या तोंडची कोणती गोष्ट अर्धी राहिली आहे. धरणात गाव गेलं तेव्हाची असेल, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडल्याची असेल, ऊसतोडीला पहिल्यांदा गेल्याची असेल. एक शंभर पानी वही घ्या. लिहिता येत नसेल तिचं दुसरीने लिहावं आणि तसं नोंदवावं : सांगणारी अमुक, लिहिणारी तमुक, तारीख. ती बोलते तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. जे दोन जणी वेगवेगळं सांगतील ते दोन्ही लिहा. ज्याने कुणाला इजा होईल ते आधी त्या घरात वाचून दाखवा. आणि शेवटी काही पानं कोरी ठेवा.

माझी लेक आठवीत आहे. परवा ती माझ्या खांद्यावरून वहीत डोकावली आणि म्हणाली, ‘आई, तुझं अक्षर आजीपेक्षा घाण आहे.’ मी म्हटलं, खरं आहे, पण खाली सही माझी आहे. ती वही घेऊन गॅलरीत गेली आणि आजीची पानं वाचत बसली, अगदी दिवे लागेपर्यंत.